संगणकाचा पडदा आणि देवनागरीची अक्षरजुळणी : मुक्त प्रणालींच्या इतिहासातील एक प्रकरण

१. विषयप्रवेश

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अंबरनाथच्या पुढे जे स्थानक लागते त्यास बदलापूर हे नाव आहे. परंतु ते वसलेले आहे कुळगावी. मूळ बदलापूर गाव तेथून काही अंतरावर, उल्हास नदीच्या बाजूस आहे. नगरपरिषदेच्या नावात म्हणूनच ही दोन्ही नावे जोडून येतात. ह्या परिसराविषयीचे एक साधे वाक्य घ्यावे : 'उल्हास नदीच्या किनाऱ्यावरील बदलापूर गाव, कुळगाव, कात्रप, मांजर्ली ही त्याच्या परिसरातील नावे.' हे वाक्य कागदावर लिहिताना शाळकरी मुलासही अडचण पडत नाही. परंतु तेच संगणकाच्या पडद्यावर शुद्ध उमटावयाचे, तर यंत्रास निदान पाच गोष्टी साधाव्या लागतात. 'उल्हास' मधील 'ल' अर्धा करावा लागतो. 'कात्रप' मधील 'त' आणि 'र' ह्यांचा नवाच आकार घडवावा लागतो. 'मांजर्ली' मधील उच्चारात आधी येणारा 'र' रफार होऊन अक्षराच्या शेवटी, दीर्घ वेलांटीच्याही माथ्याशी न्यावा लागतो. 'परिसर' मधील ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येत असूनही 'र' च्या आधी काढावी लागते. आणि 'किनाऱ्यावरील' मधील 'र' रफार न करता आडव्या, पापणीसारख्या वळणाने दाखवावा लागतो.

ही पाच कामे करावयाची कोणी, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. तथापि मुक्त संगणक-प्रणालींच्या गेल्या चार दशकांच्या इतिहासात ह्या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली, आणि त्यांतील काही महत्त्वाची उत्तरे पुणे व मुंबई येथे शोधली गेली. हे काम पडद्याचा कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीकडे, म्हणजे डिस्प्ले सर्व्हरकडे, सोपवावे. की मजकूर बाळगणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीने ते स्वतः करावे. की ह्या दोहोंच्या मध्ये एखादा सुसंगती-स्तर उभारावा, ह्या वादाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. मराठी मजकुराचे जतन, शोध आणि शुद्धता ह्या तिन्ही गोष्टी त्या उत्तरावर अवलंबून राहिल्या असल्यामुळे हा विषय केवळ यंत्रज्ञांचा उरत नाही.

२. पूर्वपीठिका : जुळाऱ्यापासून जिस्ट कार्डापर्यंत

संगणकापूर्वी हेच काम छापखान्यात होत असे. मुंबईत जावजी दादाजी ह्यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा देवनागरी मुद्रणाची मुख्य अडचण खिळ्यांच्या संख्येची होती. रोमन लिपीस थोडक्या खिळ्यांवर भागत असे. देवनागरीस जोडाक्षरे, मात्रा आणि रफार ह्यांपायी त्यांच्या कित्येक पट खिळे लागत. परंतु कोणता खिळा कोठे बसवावयाचा, ह्याचे ज्ञान यंत्रात नव्हते. ते जुळाऱ्याच्या हातात होते. छपाईचे यंत्र जुळलेल्या पृष्ठावर फक्त दाब देत असे. जुळणी आणि छपाई ह्यांची ही फारकत पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवी.

संगणकाने ही फारकत प्रथम पुसून टाकली. सुरुवातीच्या वैयक्तिक संगणकांचा पडदा ऐंशी स्तंभ व पंचवीस ओळी अशा चौकटींत विभागलेला असे, आणि एका चौकटीत एका संकेताचे एक चिन्ह उमटत असे. रोमन लिपीस ही व्यवस्था पुरेशी होती. देवनागरीस ती मुळातच अपुरी होती, कारण देवनागरीत संकेत आणि आकार ह्यांचे नाते एकास एक असे नाही.

ह्या अडचणीतून काढलेली पहिली मोठी भारतीय वाट म्हणजे जिस्ट तंत्र होय. आय. आय. टी. कानपूर येथे १९८० नंतरच्या दशकात ह्या कामाचा पाया घातला गेला. १९८८ साली पुणे येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर मोहन तांबे ह्यांच्या नेतृत्वाखाली ते तेथे पुढे नेण्यात आले. जिस्ट कार्ड हे संगणकाच्या आत बसवावयाचे उपकरण होते. डी-बेस, लोटस किंवा वर्डस्टार ह्यांसारख्या आज्ञावली आपण नेहमीप्रमाणेच संकेत पाठवीत आहोत असे समजत. कार्ड ते संकेत मध्येच घेऊन त्यांची भारतीय लिपीत जुळणी करीत असे व पडद्यावर दाखवीत असे. मूळ आज्ञावलीत कोणताही बदल करावा लागत नसे. आजच्या परिभाषेत बोलावयाचे, तर हा यंत्ररूप सुसंगती-स्तरच होता.

ह्या कामाचा टिकाऊ भाग मात्र कार्ड नसून त्यामागील विचार होता. अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवावीत आणि आकार नंतर घडवावेत, हे तत्त्व त्यात स्वीकारलेले होते. १९८६ साली प्रमाण ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलक आणि १९८८ व १९९१ साली प्रमाणित झालेली इस्की संकेतप्रणाली ह्यांचा आधार हाच. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेण्यात आली. साठवण उच्चारक्रमाने आणि आकार जुळणीने, हा दंडक अशा रीतीने जागतिक झाला. पण ती जुळणी करणारा जुळारी मुक्त प्रणालींत अजून नेमला जावयाचा होता.

३. एक्स विंडो प्रणाली आणि तिची गृहीतके

मुक्त प्रणालींत पडद्याचा कारभार दीर्घकाळ एक्स विंडो प्रणालीकडे होता. १९८४ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत रॉबर्ट शाइफलर आणि जिम गेटिस ह्यांनी तिचा आरंभ केला. स्टॅनफर्ड येथे तयार झालेली 'डब्ल्यू' नावाची प्रणाली तिची पूर्वज, म्हणून पुढचे अक्षर 'एक्स'. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती, एक्स ११, प्रसिद्ध झाली आणि तीच पुढे रूढ राहिली. वैयक्तिक संगणकांवरील लिनक्समध्ये ती एक्सफ्री८६ ह्या रूपाने आली. २००४ साली परवान्याच्या प्रश्नावरून मतभेद झाल्यानंतर बहुतेक वितरणांनी एक्स.ऑर्ग हे रूप स्वीकारले.

ह्या प्रणालीत सर्व्हर म्हणजे पडदा, कळफलक व माऊस ह्यांचा ताबा असलेली आज्ञावली. आणि क्लायंट म्हणजे तिच्याकडे मागणी करणारी आज्ञावली. दोन्ही एकाच यंत्रावर असाव्यात असे बंधन नव्हते. क्लायंटने 'अमुक जागी, अमुक फाँटात, ही संकेतमाला काढ' एवढे सांगावे, आणि सर्व्हरने आपल्याजवळील फाँटातून एकेका संकेताचा आकार घेऊन ओळीने मांडावा, अशी मूळ व्यवस्था होती. म्हणजे फाँट सर्व्हरजवळ, आणि अक्षर काढण्याचे कामही सर्व्हरचेच. मांडणीचा नियम मात्र एकच : एका संकेतास एक आकार, आणि एकापुढे एक.

बदलापूरविषयीचे उपरोक्त वाक्य अशा सर्व्हरकडे युनिकोड संकेतांत दिले असता काय घडेल, हे सांगावयास नकोच. 'उल्हास' मध्ये पाय मोडलेला 'ल' सुटा दिसेल, 'परिसर' मधील वेलांटी चुकीच्या अक्षरावर झुकेल आणि 'मांजर्ली' मधील रफार हलन्त 'र' होऊन मध्येच उभा राहील. अक्षरे सर्व असतील, पण शब्द नसेल.

४. तीन मार्ग

ह्या स्थितीतून तीन मार्ग निघत होते, आणि तिन्ही चोखाळले गेले.

पहिला मार्ग फाँटातच तडजोड करण्याचा. संकेत उच्चाराचे न मानता आकाराचे मानावयाचे. अर्धा 'ल' हा एक संकेत, रफार हा दुसरा, वेलांटी हा तिसरा. आणि लेखकाने ते दिसतील त्या क्रमाने टंकित करावयाचे. सर्व्हर जसा आहे तसाच राही. विंडोज प्रणालीवर मराठी प्रकाशन-व्यवसायाने १९९० नंतरच्या दशकात मुख्यतः हीच वाट धरली होती. तिची किंमत मोठी होती. प्रत्येक निर्मात्याची संकेतयोजना निराळी असल्यामुळे एका फाँटातील मजकूर दुसऱ्यात निरर्थक होई. शोध, वर्णक्रम आणि शब्दसूची ही कामे अशक्यप्राय होत. जुळाऱ्याचे काम ह्यात लेखकाच्या बोटांवर टाकलेले होते, आणि जुळलेले पान तेवढे साठवून मूळ हस्तलिखित फेकून द्यावे, तसा हा प्रकार होता.

दुसरा मार्ग सर्व्हरलाच देवनागरी शिकविण्याचा. मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे एन. सी. एस. टी. ही संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली होती. तिने २००२ च्या सुमारास इंडिक्स हा प्रकल्प पुढे आणला. भारतीय लिप्यांची जुळणी एक्स विंडो प्रणालीच्या पातळीवरच करावी, म्हणजे तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावलींना ती आपोआप लाभेल, ही त्यामागील भूमिका होती. ह्याच संस्थेत सुलेखनकार र. कृ. जोशी काम करीत होते. मायक्रोसॉफ्टसाठी मंगल ह्या फाँटाचे आरेखन करणारे जोशी ह्यांनी एन. सी. एस. टी. साठी रघू हा देवनागरी फाँट सिद्ध केला. इंडिक्सची भूमिका जिस्ट कार्डाशी किती जवळची होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे : आज्ञावलीस हात न लावता तिच्या आणि पडद्याच्या मध्ये लिपीचे ज्ञान ठेवावयाचे. कार्डाने जे धातूत व सिलिकॉनमध्ये केले, ते इंडिक्सने सर्व्हरच्या सांगाड्यात करू पाहिले.

तिसरा मार्ग जुळणी क्लायंटकडे नेण्याचा. २००० च्या सुमारास कीथ पॅकार्ड ह्यांनी एक्स प्रणालीत रेंडर हा विस्तार आणला. त्यामुळे क्लायंटने आकार स्वतः निवडून, त्यांच्या जागा ठरवून, ते सर्व्हरकडे देणे शक्य झाले. सर्व्हरला आता अक्षर कोणते हे ठाऊक असण्याची आवश्यकता उरली नाही. दिलेला आकार दिलेल्या जागी ठेवणे एवढेच त्याचे काम राहिले. ह्याच काळात ओवेन टेलर प्रभृतींनी पँगो हा मजकूर-मांडणीचा संच तयार केला. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा, असा ह्या नावाचा अर्थ. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या जी. टी. के. २.० मध्ये व तिच्यावर उभारलेल्या ग्नोम २.० मध्ये पँगो आला, आणि त्याबरोबर ग्नोमच्या आज्ञावलींना देवनागरीची जुळणी मिळाली. मुंबईतून चाललेल्या इंडलिनक्स ह्या स्वयंसेवी प्रयत्नाने भारतीय भाषांतील भाषांतरासाठी हाच पाया स्वीकारला.

इतिहासाने तिसऱ्या मार्गाच्या बाजूने कौल दिला. तो का दिला, ह्याची कारणे एक्सच्या घडणीतच सापडतात. क्लायंटला केवळ अक्षरे दाखवावयाची नसतात. ओळ कोठे तोडावी, टंकनबिंदू कोठे उभा राहावा, निवडलेला भाग कोठवर रंगवावा, हेही त्यालाच ठरवावे लागते. ह्यासाठी प्रत्येक अक्षरगटाची रुंदी त्याला आधी कळावी लागते, आणि रुंदी जुळणीवाचून कळत नाही. तेव्हा सर्व्हर कितीही लिपिज्ञ झाला, तरी क्लायंटला ते ज्ञान लागणारच. दुसरे असे, की एक्समध्ये सर्व्हर दूरच्या यंत्रावर असू शकतो. सुधारलेल्या सर्व्हरवर शुद्ध दिसणारे मराठी पान दुसऱ्या यंत्राच्या जुन्या सर्व्हरवर तसेच दिसेल ह्याची शाश्वती नव्हती. इंडिक्सचा मार्ग मागे पडला म्हणून तो निष्फळ ठरला असे मात्र म्हणता येणार नाही. जुन्या आज्ञावलींना हात न लावता त्यांना मराठी बोलावयास लावणे हे त्याचे उद्दिष्ट होते, आणि ते उद्दिष्ट तिसऱ्या मार्गाने कधीच पुरे झाले नाही. एक्सटर्म ह्या जुन्या टर्मिनलमध्ये देवनागरी आजही नीट जुळत नाही.

५. मराठीचे स्वतंत्र प्रश्न

जुळणी क्लायंटकडे गेल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. आता मुख्य साधने दोन : नियम लावणारे जुळणी-यंत्र आणि आकार पुरविणारा ओपनटाइप फाँट. २००४ साली रेड हॅटने भारतीय लिप्यांसाठी लोहित ही फाँटमाला मुक्त परवान्याखाली उपलब्ध केली. 'लोहित' म्हणजे संस्कृतात तांबडा, हे नाव देणाऱ्या संस्थेस साजेसेच होते. प्रारंभी तीत हिंदी व मराठी ह्यांसाठी निरनिराळे फाँट असत. पुढे ते लोहित देवनागरी ह्या एकाच फाँटात सामावले गेले. जुळणी-यंत्राच्या बाजूने बेहदाद इस्फहबोद ह्यांच्या नेतृत्वाखाली हार्फबझ सिद्ध झाले. फारसीत ह्या नावाचा अर्थ 'मोकळे अक्षर' असा होतो. २०१२ पासून पँगो आणि २०१३ पासून लिब्रेऑफिस त्याचा उपयोग करू लागले, आणि पूर्वी निरनिराळ्या आज्ञावलींत निरनिराळी दिसणारी जोडाक्षरे हळूहळू एकसारखी दिसू लागली.

देवनागरी म्हणजे हिंदी, ह्या समजुतीचा त्रास मात्र मराठीस झाला. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ह्या दोन शब्दांत अर्थाचे केवढे अंतर आहे हे मराठी वाचकास सांगावयास नको. ते अंतर केवळ 'र' च्या आकाराने दर्शविले जाते. युनिकोडमध्ये हा आडवा 'र' दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त ह्यांच्या योगाने, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह ह्यांच्या योगाने. दोहोंचे दृश्य रूप एकच. परंतु साठविलेले संकेत भिन्न, आणि युनिकोडच्या नियमांप्रमाणे ते परस्परांचे पर्याय मानले जात नाहीत. परिणामी एका पद्धतीने टंकित केलेला 'किनाऱ्यावरील' हा शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही. सूचिकार आणि ग्रंथपाल ह्यांना ही अडचण आजही भोवते. पडदा शुद्ध दिसला म्हणजे मजकूर शुद्ध झाला असे नाही, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

'ॲ' ह्या अक्षराची कथाही अशीच. मराठीत सर्रास चालणाऱ्या ह्या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली, पाच पूर्णांक एक ह्या आवृत्तीत मिळाले. तोवर लेखकास 'अ' वर अर्धचंद्र चढवून, किंवा हिंदी पद्धतीचा 'ऐ' अथवा 'ऍ' वापरून वेळ मारून न्यावी लागे. २००९ साली महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून 'ॲ' चा वर्णमालेत समावेश केला, आणि 'ल' व 'श' ह्यांची मराठी वळणेही प्रमाण मानली. ही वळणे युनिकोडच्या संकेतांत वेगळी नाहीत. ती फाँटाने भाषा ओळखून द्यावयाची असतात. म्हणजे मजकूर मराठी आहे ही माहिती क्लायंटपासून जुळणी-यंत्रापर्यंत पोहोचली, तरच बदलापुरातील 'ल' मराठी वळणाने दिसू शकतो.

६. वेलँड आणि संक्रमणाचा काळ

२००८ साली क्रिस्टियन होग्सबर्ग ह्यांनी वेलँड ह्या नव्या व्यवस्थेचे काम सुरू केले. मॅसॅच्युसेट्समधील एका गावाचे नाव तिला मिळाले. २०१२ साली तिची १.० आवृत्ती निघाली. वेलँडमध्ये क्लायंट आपली खिडकी संपूर्ण स्वतःच रंगवितो आणि तयार चित्र कंपोझिटरच्या हाती देतो. कंपोझिटर अनेक खिडक्यांची चित्रे एकत्र करून पडद्यावर मांडतो. अक्षर काढण्याची आज्ञा ह्या व्यवस्थेत नाहीच. एक्समध्ये रेंडर विस्ताराने जे व्यवहारात घडविले होते, ते वेलँडने तत्त्व म्हणून मान्य केले. लिपीचे ज्ञान सर्व्हरात असावे काय, हा इंडिक्सने मांडलेला प्रश्न येथे कायमचा निकालात निघाला. छपाईयंत्र पुन्हा केवळ दाब देणारे झाले, आणि जुळणी पुन्हा जुळाऱ्याकडे गेली.

फेडोराने २०१६ साली, २५ व्या आवृत्तीत, ग्नोमसाठी वेलँड ही मूळ निवड केली. उबुंटूने २०१७ मध्ये तसेच केले, पुढच्याच आवृत्तीत एक्सकडे माघार घेतली आणि २०२१ मध्ये पुन्हा वेलँड स्वीकारले. के. डी. ई. प्लाझ्मा ६ ने २०२४ मध्ये हाच निर्णय केला. २०२५ मध्ये निघालेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० मधून स्वतंत्र एक्स सर्व्हर वगळण्यात आला. परंतु चाळीस वर्षांत एक्ससाठी लिहिल्या गेलेल्या आज्ञावली एका दिवसात टाकून देणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी एक्सवेलँड हा सुसंगती-स्तर ठेवण्यात आला. तो जुन्या आज्ञावलीपुढे पूर्ण एक्स सर्व्हर म्हणून उभा राहतो, आणि वेलँडपुढे साध्या क्लायंटची भूमिका घेतो.

सुरतेच्या बाजूने घाटमाथ्याकडे जाणारे स्वार येथे घोडे बदलीत, म्हणून बदलापूर, अशी एक आख्यायिका ह्या गावाविषयी सांगितली जाते. व्युत्पत्ती म्हणून तिला किती प्रमाण मानावे हा प्रश्न वेगळा. परंतु सुसंगती-स्तराचे कार्य समजावून घेण्यास ती उपयोगी आहे. ठाण्यावर घोडा बदलतो, स्वार आणि त्याचे ओझे तेच राहते. मात्र ठाणे घोडा बदलून देते, थैलीतील पत्राची भाषा बदलून देत नाही. एक्सवेलँड जुनी आज्ञावली पडद्यावर आणील. पण ती आज्ञावली एक्सच्या मूळ फाँटव्यवस्थेवर विसंबणारी असेल, तर तिच्यातील देवनागरी १९८७ इतकीच मोडकी राहील. विंडोजच्या आज्ञावली लिनक्सवर चालविणारा वाइन हा १९९३ पासूनचा प्रकल्प आता वेलँडशी थेट बोलू शकतो. त्याच्या साहाय्याने आकारसंकेतांतील एखादा जुना मराठी दस्तऐवज त्याच्या फाँटासह उघडता येईलही, परंतु त्यातील शब्द शोधता येणार नाहीत. चित्राची सुसंगती म्हणजे मजकुराची सुसंगती नव्हे.

लेखनाच्या बाजूसही हे संक्रमण जाणवते. इनस्क्रिप्ट हा कळफलकाचा साधा नकाशा असल्यामुळे तो एक्सच्या काळातील एक्सकेबी व्यवस्थेतून वेलँडमध्ये विनासायास आला. उलट रोमन अक्षरांत टंकित करून देवनागरी मिळविणाऱ्या पद्धती आयबस वा एफसिटिक्स ह्यांसारख्या मध्यस्थावर चालतात. एक्समध्ये असा मध्यस्थ कळांवर सहज लक्ष ठेवू शकत असे. वेलँडने सुरक्षिततेसाठी ती मुभा काढून घेतली आणि त्याजागी स्वतंत्र संकेतनियम घातले. ते नियम सर्व कंपोझिटरांनी सारख्याच रीतीने पाळलेले नाहीत. १९८६ चा सरकारी कळफलक सर्व बदलांत तगून राहावा आणि सोयीच्या पद्धतींना प्रत्येक बदलात नवी डागडुजी लागावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनाचे सार असे, की देवनागरीच्या जुळणीची जागा क्रमाक्रमाने सरकत गेली आहे : जुळाऱ्याच्या हातांतून जिस्ट कार्डात, कार्डातून आकारसंकेती फाँटात, तेथून काही काळ सर्व्हरात, आणि अखेर क्लायंटच्या मांडणीसंचात. ज्या ज्या वेळी ती पडद्याच्या अधिक जवळ नेण्यात आली, त्या त्या वेळी जुन्या आज्ञावलींची तात्पुरती सोय झाली, पण ती सोय यंत्र वा सर्व्हर बदलताच नाहीशी झाली. उच्चारक्रमाने साठविण्याचा दंडक मात्र कार्ड गेले तरी उरला, एक्स मागे पडला तरी उरला, आणि आज वेलँडच्या पडद्यावर दिसणारा 'उल्हास' त्याच्याच बळावर शुद्ध दिसतो.

मराठीच्या अभ्यासकांनी ह्यातून घ्यावयाचा बोध उघड आहे. पडद्याची व्यवस्था पुढेही बदलेल. तिची काळजी वाहणारे जगभर आहेत. परंतु आडव्या 'र' चे दोन संकेतक्रम एक मानून शोध घेणारी साधने, आकारसंकेतांत अडकलेल्या ग्रंथांचे युनिकोडात परिवर्तन, आणि दस्तऐवजावर 'ही भाषा मराठी' अशी नोंद करण्याची शिस्त, ही कामे दुसरे कोणी आपल्यासाठी करील अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. ती लिपीच्या जाणकारांची कामे आहेत, आणि त्यांस कोणताही सुसंगती-स्तर पर्याय होऊ शकत नाही.